मार्था परत येते

"मार्था परत येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," डॉ. खडकीकर म्हणाले आणि सगळ्यात आधी त्यांनी स्वतःचाच हात वर केला.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली नऊ नंबरची खोली. जुलै महिना. पंखा होता, पण तो फिरतो की नुसता आवाज करतो हे कळत नव्हतं. टेबलाभोवती आम्ही तिघं. डॉ. मुरलीधर खडकीकर इंग्रजी विभागाचे प्रमुख आणि समितीचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी प्रा. नलिनी पाटोदेकर. बाईंनी जन्मभर कविता शिकवल्या होत्या आणि डिसेंबरात त्या निवृत्त होणार होत्या. तिसरा मी, देगावकर. सात वर्षं हंगामी. माझ्या कायम होण्याची मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि त्या समितीचेही अध्यक्ष खडकीकरच होते.

"बाई?" खडकीकरांनी विचारलं.

"थांबा हो. मी वाचतेय," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात एक जुनं, कडा कुरतडलेलं पुस्तक होतं.

"आता वाचून काय करणार? बैठक चालू आहे."

एका कादंबरीत काय घडतं यावर इंग्रजीचे तीन प्राध्यापक मतदान का घेत होते, हे आधी सांगायला हवं. कादंबरीचं नाव 'द लॉकस्मिथ ऑफ डनवेल'. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा पाद्र्याच्या मुलीनं लिहिलेली. आमच्याकडे बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला नेमलेली होती. ती का नेमली, हे नेमणाऱ्यांनाही आठवत नव्हतं. डनवेल गावात एझ्रा नावाचा कुलुपं करणारा कारागीर असतो. संशयी माणूस. बाजाराला जाताना बायकोला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणारा. एके दिवशी ती बायको, म्हणजे मार्था, त्यानंच घडवलेलं कुलूप केसांतल्या आकड्यानं उघडते आणि निघून जाते. त्या दिवसापासून एझ्रा स्वतःच्या दाराला कुलूप लावायचं सोडतो. वर्षामागून वर्षं दार उघडं ठेवून बसतो. शेवटच्या प्रकरणात बर्फ पडत असतं, दारात पाऊल वाजतं, आणि...

या 'आणि'नंतर काय, यावर मतदान होतं.

आमच्या विद्यापीठात याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मार्था परत येते. वाकून नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते. तो तिला उठवतो आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या नदीत फेकून देतो. 'यशोमार्ग गाईडा'त असं छापलेलं होतं, आणि विद्यार्थी गाईड वाचायचे. प्राध्यापकही गाईडच वाचायचे, फक्त त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून. पेपर काढणारे त्यावरून प्रश्न काढायचे, तपासणारे त्यावरून गुण द्यायचे. एवढी एकजूट मी दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात पाहिली नाही.

त्या एप्रिलच्या पेपरात सोळा गुणांचा प्रश्न होता, 'मार्थाच्या परत येण्याचं औचित्य सांगा'. साडेचारशे मुलांनी ते सांगितलं. एका मुलीनं सांगितलं नाही. तिचं उत्तर आमच्यासमोर टेबलावर पडलेलं होतं. अक्षर उभट आणि सुटं, एक ओळ सोडून एक ओळ लिहिलेली. इंग्रजी साधं, मधूनमधून चुकणारं. मराठीत सांगायचं तर तिनं लिहिलं होतं, "मार्था परत येत नाही. प्रश्न चुकला आहे. दारात एक म्हातारी भिकारीण येते. एझ्रा तिला सूप देतो, अंथरूण देतो, नाव विचारत नाही. सकाळी ती निघून गेलेली असते आणि दार उघडं असतं. तो उठून दार लावायला जातो आणि न लावताच परत येतो. इथं कादंबरी संपते. आणि इंग्लंडमध्ये बायका नवऱ्याच्या पाया पडत नाहीत."

तपासनिसानं त्यावर लाल पेनानं भोपळा काढला होता. बाजूला शेरा होता, 'कादंबरी वाचलेली नाही.' त्याच कादंबरीवरच्या टिपांचेही गुण त्यामुळेच गेले होते. एकूण गुण एकतीस, म्हणजे नापास.

मुलीचं नाव अनसूया पांचाळ. तिनं नुसता पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला असता तर आणखी कुणीतरी आणखी एक भोपळा काढून फाईल मिटवली असती. पण तिनं कुलगुरूंना पत्र लिहिलं, की आदर्श उत्तरच चुकीचं आहे, आणि सोबत पुस्तक घेऊन येते म्हणाली. कुलगुरू रसायनशास्त्राचे होते. त्यांना अशा गोष्टी तपासून बघायची खोड होती. म्हणून समिती नेमली गेली. अनसूया त्या वेळी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून होती. तिच्या गावच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा होती. पदवीचा कागद महिनाअखेरपर्यंत दाखवला तर जागा तिची, असा हेडमास्तरांचा शब्द होता. हेही तिनं पत्रात लिहिलं होतं.

बाईंनी शेवटचं पान मिटलं आणि चष्मा काढला.

"मुरलीधरराव, ही मुलगी बरोबर सांगतेय. इथं स्वच्छ लिहिलंय. भिकारीण येते. मार्थाचा पत्ता नाही."

"कुठली आवृत्ती आहे ती?"

"आवृत्ती कुठली का असेना..."

"असं कसं? वडिलांनी हैदराबादला फुटपाथवरून आणलंय असं पत्रातच आहे. आता फुटपाथवरच्या पुस्तकावरून विद्यापीठानं गुण द्यायचे का?" खडकीकरांनी माझ्याकडे बघितलं. "त्या काळचे लेखक दोन-दोन शेवट लिहायचे. काय देगावकर?"

"तशी उदाहरणं आहेत, सर," मी म्हणालो.

"मग आपल्या ग्रंथालयातली प्रत बघू," बाई म्हणाल्या. "तीच अधिकृत ना? मागवा ती."

खडकीकरांनी ग्रंथपालांना फोन लावला. ग्रंथपाल पंधरा मिनिटांनी स्वतःच प्रत घेऊन आले. मला घाम फुटला होता, पण जुलै होता, त्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. बाईंनी प्रत उलटून शेवट उघडला. दोनशे बाराव्या पानावर पुस्तक संपत होतं. पुढची पानं नव्हती. वाळवीनं नेली की कुणी फाडली, देव जाणे. शेवटची ओळ अर्धवट होती. 'तेवढ्यात दारात पाऊल वाजलं, आणि'

बाईंनी ते पान सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं.

"म्हणजे आपल्या कुणाकडेच शेवट नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मुरलीधरराव, तुम्ही आठ वर्षं ही कादंबरी शिकवताय. कशावरून शिकवलीत?"

"पाऊल वाजलं म्हणजे कुणीतरी आलंच की," खडकीकर म्हणाले. "आणि नवऱ्याच्या दारात बायको नाही येणार तर कोण येणार? अधिकृत प्रतीत मार्था आली नाही असं कुठं लिहिलंय, दाखवा."

बाईंनी प्रत मिटली. याचं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

खडकीकर इतके हट्टाला का पेटले होते ते आम्हां दोघांनाही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका परिषदेत निबंध वाचला होता, 'व्हिक्टोरियन कादंबरीवरील पौर्वात्य प्रभाव'. एका इंग्रज बाईनं नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवणं हा भारतीय संस्कृतीचा सातासमुद्रापार पोचलेला प्रकाश आहे, असा त्याचा मथितार्थ. टाळ्या पडल्या होत्या. त्या निबंधावर त्यांना बढती मिळाली होती. आता मार्था आली नाही तर तिनं डोकं ठेवलं नाही, आणि डोकं ठेवलं नाही तर खडकीकर पुन्हा बढतीआधीचे रीडर.

"मी हात वर करत नाही," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या. माझ्या मते मुलगी पास आहे. मला काय, मी डिसेंबरात सुटले."

एक विरुद्ध एक. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. ते गाईड मी लिहिलं होतं.

एम. ए. होऊन बेकार बसलो होतो तेव्हाची गोष्ट. प्रकाशक म्हणाला, अकरा दिवसांत हवं, परीक्षा तोंडावर आहे. मी ग्रंथालयातून हीच प्रत आणली आणि दहा दिवस इमानेइतबारे वाचून सारांश काढला. दहाव्या दिवशी संध्याकाळी दोनशे बाराव्या पानावर येऊन आपटलो. दुसरी प्रत पुण्याला असेल तर असेल. मग मीच ठरवलं कोण आलं ते. तोवर मी पाहिलेल्या सगळ्या सिनेमांत रुसून गेलेली बायको शेवटी परत यायची, आणि आली की हेच करायची. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हेही कबूल करतो. छापून आल्यावर पायांची गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी आठ दिवस दारावर टकटक झाली की दचकत होतो. कुणीच आलं नाही. गाईडावर लेखक म्हणून छापलं होतं, 'एक अनुभवी प्राध्यापक'. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे भीती गेली आणि तिच्या जागी काय आलं, तर अभिमान. दरवर्षी शेकडो मुलं माझा शेवट लिहीत होती. विभागप्रमुख त्याच्यावर निबंध वाचत होते. त्या पाद्र्याच्या मुलीला जे जमलं नसेल ते मला जमलंय, असं मला चक्क वाटायला लागलं होतं.

आणि आता ती पानं माझ्यासमोर होती. "बघू जरा," म्हणून मी पुस्तक ओढलं. शेवटची पानं सातच होती. वाचायला दहा मिनिटं लागली. ती भिकारीण, ते सूप, आणि दार लावायला उठून न लावता परत येणारा म्हातारा. एकही मोठा शब्द नव्हता. इतकं चांगलं लिहिलेलं मी आयुष्यात फार थोडं वाचलंय. त्यावर मी माझा सिनेमा चिकटवला होता.

"काय देगावकर?" खडकीकर म्हणाले. मग अगदी सहज सुरात, "पुढच्या महिन्यात भेटतोच आहोत आपण."

मी हात वर केला.

ठराव झाला तो असा. 'समिती दोन विरुद्ध एक मतांनी या निष्कर्षाप्रत आली आहे की मार्था परत येते. सबब गुणांत बदल नाही.' खाली आमच्या सह्या. तो कागद अजून त्या विभागात असेल. आमच्याकडे पुस्तकांची पानं जातात, ठरावांची जात नाहीत.

"तुम्हीच सांगून या बाहेर," खडकीकर मला म्हणाले. "तुम्ही तरुण आहात, नीट समजावता. आणि ते पुस्तक देऊन टाका तिला."

बाई उठल्या. पर्स उचलून निघून गेल्या. जाताना माझ्या खुर्चीला त्यांचा धक्का लागला आणि त्यांनी माफी मागितली नाही.

व्हरांड्यात बाकावर अनसूया ताठ बसली होती. शेजारी तिचे वडील, सदाशिव पांचाळ. पांढरा सदरा, बोटांच्या पेरांत काळी वंगणाची रेघ. उदगीरच्या बसस्टँडसमोर किल्ल्या करून द्यायचे, कुलुपं दुरुस्त करायचे. कोऱ्या किल्ल्या आणायला हैदराबादला गेले होते, तेव्हा फुटपाथवर एका पुस्तकावर कुलपाचं चित्र दिसलं म्हणून उचलून आणलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पोरगी रोज संध्याकाळी चारचार पानं वाचून मराठीत सांगायची.

"झालं का हो सायेब?" ते उठून उभे राहिले.

"झालं. समितीनं सगळा विचार केला," मी म्हणालो. "गुणांत बदल होत नाही."

अनसूयानं माझ्याकडे बघितलं. "सर, पुस्तक बघितलं का पण तुम्ही?"

"बघितलं."

"शेवट वाचला?"

"आवृत्त्यांमध्ये फरक असतो. अभ्यासक्रमाच्या दृष्टीनं..."

"मी आवृत्तीचं न्हाई विचारत सर. तुम्ही वाचला का, एवढंच विचारलालेय."

मी हातातल्या पुस्तकाची कुरतडलेली कड सारखी केली. मग तिचे वडीलच बोलले. पास-नापासाचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"सायेब, मला येक सांगा. ती बाई आली का न्हाई वापस?"

"आली," मी म्हणालो.

"आली?"

"हो. समितीनं तसं ठरवलंय."

म्हाताऱ्यानं त्यावर खरोखर विचार केला. "मग आमच्या पुस्तकात का आली न्हाई?" मग स्वतःच मान हलवत म्हणाले, "न्हाई सायेब, ती न्हाई यायची. मी चाळीस वर्सं कुलपाचं काम करलालोय. आत कोंडलेलं माणूस येकदा भाईर पडलं की त्या दाराला वापस येत न्हाई. आन् त्यो बाबा दार उगडं ठेवतोय ते तिच्यासाटी न्हाईच की. त्याला त्याचीच लाज वाटलालीय. ल्हिणाऱ्या बाईला बरूबर कळलंय ते."

खडकीकरांच्या निबंधाला टाळ्या पडल्या होत्या. या माणसाला टाळी वाजवायला तिथं मीच होतो, आणि माझ्या हातात पुस्तक होतं. मी ते अनसूयाला दिलं.

"ऑक्टोबरात पुन्हा बसा," मी म्हणालो. "प्रश्न तोच येईल बहुतेक. गाईड बघून जा."

"ती जागा या महिनाअखेरपर्यंतच होती, सर."

"दुसरी मिळेल."

तिनं पुस्तक पिशवीत ठेवलं. वडिलांनी मला हात जोडले, तिनं जोडले नाहीत. दोघं जिना उतरून गेली. त्या शाळेतली जागा पुढे हेडमास्तरांच्या सुनेला मिळाली, असं मी ऐकलं.

ऑगस्टात माझी मुलाखत झाली. खडकीकरांनी एकच प्रश्न विचारला, "आमच्या निबंधाबद्दल आपलं काय मत?" मी सात मिनिटं बोललो आणि कायम झालो.

ऑक्टोबरच्या परीक्षेचे पेपर तपासायला आम्हांला एका मोठ्या हॉलमध्ये बसवलं होतं. माझा गठ्ठा चाळीसेक पेपरांचा. नावं नसतात, नुसते नंबर. एकविसावा पेपर उघडला आणि अक्षर ओळखीचं निघालं. उभट, सुटं, एक ओळ सोडून एक ओळ.

प्रश्न तोच होता. मार्थाच्या परत येण्याचं औचित्य सांगा.

तिनं सांगितलं होतं. शब्दन् शब्द माझा. बर्फ, पाऊल, उंबऱ्यात उभी मार्था, पायांवर ठेवलेलं डोकं, अश्रू, नदीत पडणाऱ्या किल्ल्या, एवढंच काय पण 'क्षमेचा मंगल सोहळा' ही माझी लाडकी ओळही. कुठं स्वल्पविरामाचाही फरक नाही. सगळ्या गठ्ठ्यात इतकं चोख पाठांतर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मला लाज वाटली. त्या कायम नोकरीच्या खुर्चीत बसून खरोखर लाज वाटली. ज्या एकाच मुलीनं ती कादंबरी वाचली होती, तिला मी ती विसरायला लावली, असं मनात आलं.

मग मी पान उलटलं. मागच्या बाजूला, उत्तराच्या अगदी शेवटी, एक वाक्य होतं. ते माझं नव्हतं. गाईडात कुठंच नव्हतं.

'नंतर एझ्रा उठला आणि त्यानं दाराला कुलूप लावलं.'

मी पेन बाजूला ठेवलं. तिनं माझ्या मार्थाला नवऱ्याच्या पायांवरून उठवलं होतं, उभं केलं होतं, आणि मग ज्या घरातून ती सुटून गेली होती त्याच घरात पुन्हा कोंडून टाकलं होतं. माझ्या शेवटाचा खरा शेवट हाच होता. मला तो इतकी वर्षं दिसला नव्हता.

मी सोळापैकी सोळा गुण दिले.

खडकीकर मॉडरेटर म्हणून टेबलाटेबलावरून फिरत होते. माझ्याजवळ थांबले, पेपर उचलला, आदर्श उत्तराशी ओळीनं ताडून बघितला.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "पण साहित्यात पैकीच्या पैकी देत नसतात, देगावकर. आणि हे शेवटचं वाक्य कुठलं? कुलूप लावलं म्हणून? गाईडात नाही हे."

"नाही, सर."

"मग एक गुण कापा. मुलं आपल्या मनचं घालतात."

मी एक गुण कापला. तरीही ती उत्तम गुणांनी पास झाली. पुढे काय झालं, कुठं नोकरी लागली की नाही, मी चौकशी केली नाही. उदगीरच्या बसस्टँडवरून अनेकदा गेलो, पण गाडीतून उतरलो नाही.

दोन वर्षांनी प्रकाशकानं गाईडाची सुधारित आवृत्ती काढली. मार्थाला परत पाठवायची ती संधी होती. खडकीकर तेव्हा डीन झाले होते. मी मार्थाला ठेवली, पायांवरचं डोकं ठेवलं, किल्ल्याही नदीतच टाकल्या. एकच सुधारणा केली. शेवटी ते कुलपाचं वाक्य घातलं, आणि मुलांच्या लक्षात राहावं म्हणून खाली रेघ मारली. त्यानंतरच्या परीक्षांत शेकडो पेपरांत मी ते वाचलं आणि दरवेळी त्याचा एक गुण दिला.

कुणाचं वाक्य ते मात्र कुठं छापलं नाही. गाईडावर लेखक म्हणून अजूनही 'एक अनुभवी प्राध्यापक' असंच आहे.